तोडा, चकमक आणि ठासणी : जुन्या बंदुकांच्या नावांचा मागोवा

वर्तमानपत्रात ‘चकमक’ हा शब्द वाचण्यात आला नाही, असा आठवडा विरळाच. सुरक्षा दलांशी चकमक उडते, दोन टोळ्यांत उडते, विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक यांच्यातही शाब्दिक चकमक झडते. हा शब्द मुळात लढाईचा नव्हे, हे मात्र आता फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. चकमक म्हणजे गारेच्या दगडावर पोलादाचा तुकडा आपटून ठिणगी पाडण्याचे साधन. आगपेटी येण्यापूर्वी चिलीम आणि चूल दोन्ही तिच्यावर पेटत. शब्द तुर्की, आपल्याकडे आला फारसीच्या वाटेने. पुढे हेच साधन बंदुकीच्या कुशीत जाऊन बसले आणि ठिणग्यांचे नाव झटापटीला मिळाले.

जुन्या शस्त्रांचा इतिहास बहुधा पराक्रमाच्या अंगाने सांगितला जातो. तो शब्दांच्या अंगानेही सांगता येतो आणि त्यासाठी पुणे-नगर रस्त्यावरील शिक्रापूरचा टापू मोठा सोयीचा आहे. पुण्याहून चाळीसेक किलोमीटरवरचे हे गाव आज कारखाने, ट्रक आणि चाकणकडे वळणाऱ्या वाहनांच्या कोंडीसाठी ओळखले जाते. मात्र ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच टापूतून कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहून पुण्याच्या दिशेने चालत गेली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव येथे तिची गाठ दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी पडली. त्या एका दिवसात, एका गावाच्या गल्ल्यांमध्ये, बंदुकीच्या इतिहासातील दोन युगे समोरासमोर उभी होती. तेथे जाण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

बंदुकीच्या आधी दारू. इ. स. १०४४ च्या सुमारास चीनमध्ये संकलित झालेल्या युद्धविषयक ग्रंथात सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाच्या कृती आढळतात. चिनी भाषेत या मिश्रणाचे नाव आहे ‘अग्नीचे औषध’. फारसीतल्या ‘दारू’ या शब्दाचा मूळ अर्थही औषध असाच आहे. मराठीत मात्र दारू म्हटले की बंदुकीची की प्यायची, असा खुलासा करावा लागतो आणि औषध हा अर्थ तर पूर्ण हरवला. त्या दारूने जी फेकायची, तिलाही आपण गोळीच म्हणतो, हा योगायोग गमतीचा.

चीनमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीस धातूच्या नळीतून गोळी उडवण्याची हत्यारे तयार झाली होती. ती विद्या मंगोलांच्या स्वाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे सरकली. युरोपात पंधराव्या शतकात नळीला लाकडी दस्ता आणि दस्त्याला कळ जोडली गेली. आपल्याकडे मात्र ‘शतघ्नी म्हणजे तोफ’ आणि ‘नालिकास्त्र म्हणजे बंदूक’ असे समीकरण मांडण्याची हौस जुनी आहे. मद्रासला संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या गुस्ताव ऑपर्ट यांनी १८८० मध्ये शुक्रनीतीच्या आधारे असाच दावा केला होता. पुढे अभ्यासकांनी त्या ग्रंथातील संबंधित भाग फार अलीकडचा असल्याचे दाखवून दिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी शोभेच्या दारूच्या इतिहासासाठी संस्कृत, मराठी व परदेशी साधने चाळून काढली. या क्षेत्रात अभिमानापेक्षा कागद किती उपयोगी पडतो, हे त्यांच्या लेखनावरून दिसते.

आता नावांकडे वळू. ‘बंदूक’ हा शब्द अरबी. ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट नावाचे, आपल्या सुपारीएवढे कवचाचे फळ. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातून ते येई, म्हणून ग्रीकांनी त्याला ‘पाँटसचे फळ’ म्हटले. त्या ग्रीक शब्दाचे अरबी रूप ‘बुंदुक’ झाले. त्या फळाच्या आकाराचे मातीचे गोळे विशिष्ट धनुष्यातून फेकून पक्षी मारीत. त्या गोळ्यांना बुंदुक म्हणू लागले, मग शिशाच्या गोळीला आणि अखेरीस ती उडवणाऱ्या हत्यारालाच ते नाव चिकटले. अरबीत व्हेनिस शहराचे नाव ‘अल्-बुंदुकिय्या’ असल्याने बंदूक म्हणजे व्हेनिसचे हत्यार, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. ती ऐकायला चांगली आहे. पण गोळ्यांचा वापर बंदुकीच्या आधीचा असल्याने फळाची बाजू मला अधिक बळकट वाटते.

‘तोफ’ हा तुर्की शब्द. ‘तोप’ म्हणजे चेंडू, गोळा. ‘अंदाज’ या फारसी प्रत्ययाचा अर्थ फेकणारा. म्हणून गोळा फेकणारा तो गोलंदाज आणि वीज फेकणारा तो बरकंदाज. तोफखान्यातला गोलंदाज आज क्रिकेटच्या मैदानावर सुखाने नांदतो आहे. मूळ शब्दातच चेंडू असल्याने त्याला तेथे परके वाटण्याचे कारण नाही! ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले. काडतुसाच्या मुळाशी कागद आहे. एका बारापुरती दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत गुंडाळलेली असे. शिपाई ती दाताने फाडून दारू नळीत ओती. १८५७ मध्ये चरबी लावलेल्या काडतुसांनी केवढा वणवा पेटला, त्याचे कारण या दाताने फाडण्यातच होते. ‘संगीन’ या फारसी शब्दाचा अर्थ दगडी, भारी असा. इंग्रजीत त्याच हत्याराला फ्रान्समधील बायोन शहरावरून बेयोनेट म्हणतात. ‘गारदी’ हा युरोपीय ‘गार्ड’चा मराठी अवतार आणि ‘फैर’ ही इंग्रजी ‘फायर’चीच लेक. ‘कडाबीन’ म्हणजे कार्बाईन. चार-पाच भाषांचा हा दारूगोळा मराठीने असा पचवला की, आज ‘प्रश्नांची सरबत्ती’ करणाऱ्या पत्रकाराला किंवा ‘फुसका बार’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पुढाऱ्याला त्याचा वासही येत नाही.

प्राण्यापक्ष्यांची नावे हत्यारांना देण्याची रीत जगभर होती. ‘मस्केट’ हा इटालियन ‘मोस्का’, म्हणजे माशी, या शब्दापासून आलेला. आधी तो धनुर्यंत्रातून सुटणाऱ्या बाणाला लावीत, मग बंदुकीला. इंग्रजीत मस्केट हे ससाण्यासारख्या एका छोट्या शिकारी पक्ष्याच्या नराचेही जुने नाव आहे. फाल्कन आणि सेकर या तोफांची नावेही शिकारी पक्ष्यांचीच. फारसीत हीच तऱ्हा. ‘जंबूर’ म्हणजे गांधीलमाशी. ‘जंबुरक’ हे आधी धनुर्यंत्राचे नाव, मग उंटाच्या पाठीवर बसवून फिरवता येणाऱ्या छोट्या तोफेचे. मराठी कागदांतील ‘जंबुरा’ तो हाच. उंटावरची ती शुतुरनाळ, आपल्या उच्चारात सुतरनाळ. हत्तीवरची ती गजनाळ. १७६१ मध्ये पानिपतावर अब्दालीच्या उंटांवरील या गांधीलमाश्यांनी मराठ्यांची केवढी हानी केली, हे सर्वविदित आहे. मस्केट ज्या पक्ष्याचे नाव, त्याचा आपल्याकडचा अगदी जवळचा भाऊबंद म्हणजे शिक्रा. शिक्रापूरच्या नावाशी या पक्ष्याचा संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण त्या रात्री मस्केटी खांद्यावर घेतलेली पलटण शिक्रापूरच्या परिसरातून गेली, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

जुन्या बंदुकीचे वय ओळखायचे तर नळीपेक्षा तिचा पेटवा पाहावा. नळीत दारू आणि गोळी ठासलेली आहे. पण आत ठिणगी कशी पोहोचवायची, हा चारशे वर्षे कारागिरांना छळणारा प्रश्न होता. पहिले उत्तर तोड्याचे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी म्हणजे तोडा. एकदा पेटवला की तो उदबत्तीसारखा सावकाश धुमसत राहतो. नळीच्या बुडाशी बारीक भोक, त्याला कान म्हणत. कानाबाहेर छोटी वाटी, तीत रंजक, म्हणजे बारीक दळलेली दारू. कळ दाबली की नागमोडी चिमट्यात धरलेला तोडा वाटीत उतरे, रंजक भडके आणि कानातून आग आत शिरे. तोफेलाही हाच कान असतो. शत्रूच्या हाती पडलेली तोफ निकामी करायची तर त्या कानात खिळा ठोकीत.

ही तोड्याची बंदूक दख्खनेत स्थिरावण्यात पोर्तुगीजांचा मोठा वाटा. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर अल्बुकर्कला तेथील लोहारांचे कसब दिसले. येथील कारागीर बोहेमियातील बंदुकांच्या तोडीचे काम करतात, असे त्याने १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवले होते. म्हणजे हत्यार परके असले, तरी हात इथलेच. पुढे हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीने स्वतःचे रूप घेतले. नळी लांब, दस्ता सरळ आणि सडपातळ, नळी व लाकूड यांना बांधणारे चामड्याचे किंवा तारेचे पट्टे. ती लांब नळीमुळे दूर आणि नेमका मारा करी. तटावर टेकवून उडवण्याची त्याहून लांब आणि जड बंदूक, ती जेजाला.

शिवकाळात या हत्यारांचे मोल काय होते, याची साक्ष १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात मिळते. राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती सिद्दी जौहरच्या मदतीला तोफ व दारूगोळा घेऊन गेले आणि इंग्रजांचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटून त्याचा हिशेब पुरा केला. त्याच १६६० मध्ये, शिक्रापूरहून सरळ रस्त्याने गाठता येणाऱ्या चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाला सुमारे दोन महिने झुंजवले. अखेर मोगलांनी सुरुंगात दारू भरून बुरूज उडवला, तेव्हा किल्ला पडला.

तोड्याचे दोष उघड होते. पावसात तो विझे, रात्री त्याचा निखारा शत्रूला दिसे. शिवाय प्रत्येकाच्या हातात धगधगता तोडा आणि कमरेला दारू. त्यामुळे शिपायांना एकमेकांना खेटून उभे राहता येत नसे. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये गारेचा तुकडा चापात आवळलेली बंदूक सिद्ध झाली. कळ दाबली की गार पोलादी पाटीवर आदळे आणि ठिणग्या रंजकावर पडत. हीच चकमकीची किंवा चापाची बंदूक. शिपाई आता खांद्याला खांदा लावून उभे राहू शकले, एका हुकमाने फैर झाडू शकले आणि नळीच्या टोकाला संगीन चढल्यावर भालाइताची गरज संपली. कवायती पायदळ जन्माला आले, ते या एका गारेच्या तुकड्यामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मराठ्यांना हे कळले नव्हते, असे नाही. इब्राहिमखानाचे गारदी पानिपतावर होतेच. महादजी शिंदे यांनी द बॉयनकडून पलटणी उभ्या करवल्या आणि आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली चापाच्या बंदुका व तोफा तयार होऊ लागल्या. पुण्याजवळ सोनोरीचा मल्हारगड बांधणारे पानसे हे तर पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. उणीव हत्यारांची नव्हती; सर्वांच्या हाती एकच हत्यार आणि सर्वांना एकच कवायत, याची होती.

कोरेगावात १ जानेवारी १८१८ रोजी ही उणीव उघडी पडली. स्टाँटनकडे मुंबईच्या देशी पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, अडीचशेहून अधिक स्वार आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोरे गोलंदाज होते. सोबत सहा पौंडी तोफा दोन. ‘सहा पौंडी’ हेही नावच. तोफ तिच्या वजनाने नव्हे, तर गोळ्याच्या वजनाने ओळखीत. बंदुकीच्या बाबतीत हिशेब उलटा. एका पौंड शिशात नळीत बसतील अशा गोळ्या किती होतात, तो आकडा म्हणजे त्या नळीचा बोअर. आजही शेतकऱ्याच्या परवान्यावर ‘बारा बोअर’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की, एका पौंडात बारा गोळ्या. कंपनीच्या पायदळाची मस्केट पाऊण इंच व्यासाची, गुळगुळीत नळीची. तिचा ‘इंडिया पॅटर्न’ हा नमुना आधी कंपनीसाठी तयार झाला आणि फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर १७९० च्या दशकात खुद्द ब्रिटिश सैन्याने तो उचलला. इंग्रज शिपाई तिला ‘ब्राऊन बेस’ म्हणत. हे लाडाचे नाव नेमके कसे पडले, यावर तिकडचे पंडित अजून वाद घालतात.

पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी आणि कवायती पायदळ अशा सहाशे-सहाशेंच्या तीन तुकड्या गावावर चालून आल्या. अरबांच्या हाती लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका आणि कमरेला जंबिया. तालमीत तयार झालेला शिपाई चकमकीच्या मस्केटीने मिनिटाला दोन-तीन बार काढी. तोडेदाराला तेवढ्यात एकच जमे. पण गल्लीबोळांत, भिंतीआडून, वीस पावलांवरून मारा करताना हा फरक बराचसा पुसला जातो. झालेही तसेच. अरबांनी एक तोफ काबीज केली, तोफखान्याचा अधिकारी चिझम मारला गेला. जबर जखमी असलेल्या पॅटिन्सनने बंदुकीचे दस्ते चालवीत ती परत मिळवली. म्हणजे निर्णायक क्षणी चापही चालला नाही आणि तोडाही, लाकूड चालले. रात्रभराची चाल, अन्न नाही, नदीचे पाणी तोडलेले, अशा स्थितीत संध्याकाळपर्यंत कंपनीची सुमारे पावणेतीनशे माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. रात्री पेशव्यांच्या फौजेने गाव सोडले. तेथे उभ्या असलेल्या स्तंभावर मृतांमध्ये महार सैनिकांची बावीस नावे आहेत. त्या स्तंभाच्या सामाजिक अर्थाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि जाईल. हत्यारांच्या इतिहासाने त्यात भर घालावी ती एवढीच की, लढाई नुसत्या बंदुकीने जिंकली वा हरली गेली नाही.

चकमकीची सद्दी पुढे वीसेक वर्षेच टिकली. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. रंजक भडकलेले पाहून पक्षी उडून जात, म्हणून त्याने आघातानेच पेट घेणारे द्रव्य वापरण्याची युक्ती काढली. १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातून तांब्याची इवलीशी टोपी आली आणि आपल्याकडे तिला ‘केप’ म्हणू लागले. एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. नवे हत्यार आले की जुन्याला नाव मिळते. जगात चकमकीची बंदूक नव्हती, तोवर ‘तोड्याची बंदूक’ असे कोण कशाला म्हणेल? ती नुसतीच बंदूक होती. मागून भरण्याच्या बंदुका आल्यावरच पुढून भरण्याच्या बंदुकीला ‘ठासणीची’ हे विशेषण लागले. ते कोकणात आजही जिवंत आहे.

नावे बिघडतातही. अहमदनगर येथे १५४९ मध्ये रूमी कारागिराने ओतलेल्या, सुमारे साडेचार मीटर लांबीच्या प्रचंड तोफेचे नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणाचा राजा. ती परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये विजापूरला. मराठीत तिची ‘मुलूखमैदान’ झाली आणि मग फर्ड्या वक्त्याची उपाधी! याच तोफेचा १८५४ मध्ये इंग्रज अंमलात निकामी माल म्हणून लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. ती रक्कम पाहून विक्री रद्द झाली म्हणून ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर पाहायला मिळते.

दीडशे रुपयांचा हा व्यवहार अजून संपलेला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने गावोगावची हत्यारे परवान्याखाली आली, कित्येक सरकारजमा झाली. उरली ती माळ्यावर, देवघराच्या भिंतीवर. त्यांना आज दोन धोके आहेत. एक भंगारवाल्याचा आणि दुसरा, माझ्या मते अधिक मोठा, ‘शिवकालीन’ या विशेषणाचा. शिरूर तालुक्यातील एका जुन्या वाड्यात काही वर्षांपूर्वी मला अशी एक बंदूक दाखवण्यात आली. “ही महाराजांच्या वेळची बरं का,” घरातले आजोबा म्हणाले. नातवाने दसऱ्यासाठी तिला पॉलिश पेपर मारून लखलखीत केले होते. नळीच्या बुडाशी केप बसवण्याचे बोंड स्पष्ट दिसत होते. म्हणजे बंदूक १८३० च्या आधीची असणे कठीण. चापाच्या पाटीवर काही ठसा होता, पण घासून तो गेला होता. कंपनीच्या हत्यारांवर आधी बदामाच्या आकाराची मोहोर आणि १८०८ नंतर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असे. या पाटीवर काय होते, ते आता कधीच कळणार नाही. घराण्यातील कोणी कोणाच्या चाकरीत होते, हत्यार कोठून आले, याचा बहुधा तोच एक दाखला होता.

“वापरात नाही ना?” मी विचारले. “छे हो, माझ्या आजोबांपासून कुणी हात लावला नाही.” दस्त्याखालचा गज शाबूत होता. तो हलक्या हाताने नळीत सोडला, तोंडापाशी खूण केली आणि बाहेर काढून नळीशेजारी धरला. रिकामी असती, तर गजाचे टोक कानापर्यंत यायला हवे होते. ते चार बोटे अलीकडेच थांबले होते. आत बार भरलेला होता. आजोबांनी नातवाला ओट्यावरून उठून आत जायला सांगितले, बंदुकीचे तोंड अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे वळवून ठेवले आणि पोलीस ठाण्याचा फोन नंबर शोधायला घेतला.